पंढरपूरची तुळशीमाळ: घेताना काय पाहावे, घातल्यावर काय सांभाळावे

पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या आसपास दुकानादुकानांत तुळशीच्या माळा झुबक्यांनी टांगलेल्या असतात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण ही माळ शेतात, कारखान्यात, चुलीपुढे, झोपेतसुद्धा गळ्यातच राहणार आहे. ती पारखूनच घ्यावी.

पसंती पहिली पंढरपुरातल्या काशीकापडी समाजाच्या कारागिरांनी घडवलेल्या माळेला. तुळशीचं जून, वाळलेलं खोड सोलून मणी कातले जातात. मणी नखाजवळ धरून पाहा: अंगावर उभ्या बारीक रेषा दिसतात, दोन मणी कधी तंतोतंत सारखे नसतात आणि वजन जवळजवळ जाणवतच नाही. सगळे मणी एका मापाचे, चकचकीत आणि जड असतील तर दुसऱ्या लाकडाची शंका घ्यावी.

पाण्यात टाकून पाहण्याची परीक्षा कुचकामी आहे, कारण बहुतेक हलकी लाकडं तरंगतात. वासावरही जाऊ नये. तुळशीचा सुगंध मुख्यतः पानांत आणि मंजिरीत असतो. माळेला घमघमाट येत असेल तर ते अत्तर समजावं. त्यापेक्षा ओला पांढरा कापूस मण्यावर घासावा. गडद रंग उतरला तर माळ रंगवलेली आहे.

मण्यांइतकाच दोरा महत्त्वाचा, आणि नेमकं तिथेच गिऱ्हाईक बघत नाही. साधा सुती दोरा घामाने कुजतो. मानेमागे गाठ येते तिथला भाग आधी काळा पडतो, मग विरतो. एकेरी नायलॉन टिकतो, पण मानेला काचतो आणि मण्यांची भोकं झिजवतो. पिळाचा, जरा जाड दोरा आणि दर मण्यानंतर गाठ, अशी गाठवलेली माळ मागावी. दोरा तुटला तरी सगळे मणी विखरत नाहीत. जपासाठी १०८ मणी आणि मेरुमणी (जपाची फेरी जिथून सुरू होते तो मणी) लागतो; गळ्यातली माळ मात्र गळ्याच्या मापाने घ्यावी.

लेथ, मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांवर काम असेल तर लोंबती माळ अजिबात नको. गळ्यालगत बसणारी एकपदरी घ्यावी आणि सदऱ्याच्या आत ठेवावी. तान्हं मूल ओढतं, म्हणून लेकुरवाळीलाही हीच सोयीची.

साबणाने मणी कोरडे, पांढुरके होतात आणि पुढे चिरतात. अंघोळीनंतर माळ पंच्याने टिपावी. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की पुरे. जास्त तेल लावलं की धूळ धरते.

माळ विकत मिळते, नेम मिळत नाही. वारकरी परंपरेत ती फडकऱ्यांच्या (वारकऱ्यांच्या फडाच्या, म्हणजे गटाच्या, प्रमुखांच्या) किंवा गुरूंच्या हातून घालतात. मग मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, पंढरीची वारी आणि रोजचा हरिपाठ आला. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे २७ अभंग नुसते वाचले तर वीसेक मिनिटांत होतात. दिवेलागणीला घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणावेत; एकट्याने धरलेला नेम पेरणीच्या किंवा रात्रपाळीच्या दिवसांत सुटतो, घराने धरलेला टिकतो. अरणच्या सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, तेरच्या गोरोबांनी चाक सोडलं नाही. कष्ट आपले आणि भार विठ्ठलावर, हे या परंपरेत आधीपासून आहे. म्हणून ‘माळ घाला, नोकरी लागेल, भांडणं मिटतील’ असं सांगून विकणाऱ्याकडून घेऊ नये. ती ताईत नव्हे. तापलेल्या क्षणी हात गळ्याकडे जातो आणि तोंडी नाव येतं, तेवढं काम ती चोख करते.

खरेदी आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत टाळावी. एरवी दुकानदार माळ निवडू देतात, समोर गाठवूनही देतात. दोन घ्याव्यात. माळ तुटली की दुसरी गळ्यात पडेपर्यंत कडक नेमाची माणसं अन्नपाणी घेत नाहीत, आणि ती तुटते नेमकी कामाच्या घाईत. जादाची माळ देवघरात ठेवावी. तुटलेलीचे मणी चंद्रभागेत टाकू नयेत. नवा दोरा घालून पुन्हा गाठवता येतात, आणि चिरलेले मणी घरच्या तुळशीच्या मातीत घालावेत.