स्की एरियाच्या विस्ताराला पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा? तीन डोंगर शेजारी ठेवून

तुमच्या जवळच्या डोंगरावरचा स्की एरिया वाढवायचा प्रस्ताव आला आहे. जमीन नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे सगळ्यांची. ती सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वनखात्याने, लोकांची लेखी मतं मागवली आहेत. तुमची मुलं त्याच डोंगरावर स्कीइंग शिकली आणि उन्हाळ्यात त्याच जंगलात तुम्ही चालायला जाता. त्यामुळे बाजूने लिहावं की विरोधात, हे ठरत नाहीये. हा आढावा तुमच्यासाठी आहे.

मी मिनेसोटात राहते. 2021 च्या सप्टेंबरात लुट्सन माउंटन्सच्या विस्तारावरच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा निघाला, तेव्हा मीही पत्र पाठवलं होतं. चार ओळींचं, ‘जंगल तोडू नका’ एवढंच सांगणारं. मनापासून लिहिलं होतं, पण त्यात कोणाला उत्तर द्यावं लागेल असं काही नव्हतं. ते मनाला लागून राहिलं. म्हणून नंतर इतर ठिकाणचे प्रस्ताव शोधून वाचले. त्यातले दोन आणि आमचा लुट्सन असे तीन इथे समोरासमोर ठेवते. ॲरिझोनातला स्नोबोल: मंजुरी मिळाली, काम झालं, पण वाद मिटला नाही. कोलोरॅडोतला अरापाहो बेसिन: मंजूर झाला आणि बऱ्यापैकी पचला. लुट्सन: 2023 साली अर्जच मागे घेतला गेला.

डोंगर कोणाचा

अमेरिकेत नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर सुमारे 120 स्की एरिया आहेत. 1986 च्या कायद्याने त्यांना 40 वर्षांपर्यंतचं परमिट मिळतं आणि त्यापोटी कंपनी आपल्या उत्पन्नातला साधारण 1.5 ते 4 टक्के हिस्सा सरकारला भरते. लिफ्ट कंपनीच्या, इमारती कंपनीच्या, डोंगर मात्र लोकांचा. कंपनी इथे भाडेकरू आहे. भाडेकरूला खोली वाढवायची असेल तर मालकाला विचारावं लागतं, आणि तुमचं पत्र म्हणजे मालकाचं म्हणणं. पुष्कळ जण ‘आपण कोण सांगणारे’ म्हणून गप्प बसतात, म्हणून हे आधीच सांगितलं. 2011 च्या एका कायद्याने याच जमिनीवर झिपलाइन, माउंटन बाइकच्या वाटा असे उन्हाळी खेळही आणता येतात. तेव्हा ‘स्की विस्तार’ असं नाव असलं तरी प्रस्तावात उन्हाळ्याचं काय काय आहे ते तपासा.

स्नोबोल आणि अरापाहो बेसिन आधीपासूनच सरकारी जंगलात आहेत. लुट्सनचं तसं नव्हतं. तिथले जुने उतार बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर आहेत आणि विस्तारासाठी सुपीरियर नॅशनल फॉरेस्टची 495 एकर जमीन हवी होती. आधीच वापरात असलेल्या डोंगरावर आणखी काही बांधणं आणि शेजारच्या रानात पहिल्यांदा पाय टाकणं, यांना मी एका मापाने मोजत नाही.

एकरांचा आकडा फसवतो

बातमीत पहिला आकडा एकरांचा असतो, आणि मीही आधी तोच पाहायची. आता हे पाहा. लुट्सनला हवे होते 495 एकर. अरापाहो बेसिनला 2016 साली मिळाले 468 एकर, त्यामुळे 960 एकरांचा स्की एरिया 1,428 एकरांचा झाला. आकडे जवळजवळ सारखेच. स्नोबोलने तर आपल्या 777 एकरांच्या परमिटबाहेर एक इंचही मागितला नव्हता, आणि तिघांत सगळ्यात खोल जखम तिथेच झाली.

फरक आहे त्या एकरांवर काय करणार यात. अरापाहो बेसिनचा पायथाच 10,780 फुटांवर आहे आणि माथा 13,050 फुटांवर. बीव्हर्स आणि स्टीप गलीज हे वाढीव भाग म्हणजे उघडे कडे, घळी आणि त्यांच्या खाली विरळ करता येण्याजोगी झाडी. निसर्गाचा बर्फ तिथे इतका टिकतो की हंगाम पुष्कळदा जूनपर्यंत चालतो. लोक तिथे आधीही स्की एरियाच्या हद्दीची दोरी ओलांडून जात होते आणि हिमस्खलनाच्या धोक्यात सापडत होते. आता तो भाग स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाच्या, देखरेखीखाली आला आणि एक लिफ्ट बसली. लिंक्स या रानमांजराचा अधिवास, झाडांची विरळणी असे आक्षेप होते आणि ते खरेही होते. पण डोंगर जसा होता तसाच बराचसा वापरायचा, असा तो बेत होता.

लुट्सनचा बेत वेगळा होता. शुगर मेपलचं जंगल तोडून नवे उतार काढायचे, लिफ्ट उभ्या करायच्या, खाली इमारती आणि पार्किंग करायचं. मूझ माउंटनवर गंडोलाने जाता येतं आणि तिथून सुपीरियर हायकिंग ट्रेल जातो. एका सप्टेंबरच्या शेवटी मी आणि माझी मुलगी त्या वाटेवर होतो. ऊन वरच्या पानांतून गाळून येत होतं, त्यामुळे आमचे हातसुद्धा पिवळे दिसत होते. पायाखाली पानांचा जाड थर, आणि त्यातून वर आलेली मेपलची गुडघ्याएवढी रोपं, प्रत्येकाला मोजून चार-सहा पानं. मोठं झाड पडून ऊन खाली येईल याची वाट पाहत ही रोपं अशीच वर्षानुवर्षं उभी असतात. एकरांच्या आकड्यात त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रस्ताव वाचताना विचारा: या एकरांपैकी झाडं पूर्ण काढायची किती, विरळ करायची किती आणि जमीन यंत्राने सपाट करायची किती? तिन्ही आकडे अहवालात असतात. जमीन सपाट करणं सगळ्यात वाईट, कारण झाड परत लावता येतं, पण वरचा मातीचा थर एकदा खरवडला की डोंगरमाथ्यावर तो लवकर तयार होत नाही.

पाणी

हा भाग सावकाश वाचा, कारण येत्या काळातले बरेच प्रस्ताव मुळात पाण्याचे असणार आहेत.

कृत्रिम बर्फ म्हणजे थंड हवेत दाबाने उडवलेले पाण्याचे बारीक थेंब. एक एकर उतारावर एक फूट बर्फाचा थर द्यायला साधारण दीड ते दोन लाख गॅलन पाणी लागतं. स्नोबोलला मंजुरी मिळाली ती दिवसाला 15 लाख गॅलनपर्यंत पाणी घेण्याची. 15 लाख गॅलन म्हणजे सुमारे 57 लाख लिटर, आणि एवढ्या पाण्यात आठ-दहा एकरांवर फूटभर बर्फ होतो. बर्फ करायचा होता सुमारे 205 एकरांवर.

त्यांची अडचण खरी होती, तीही नीट समजून घ्यायला हवी. 2001-02 च्या हंगामात तिथे फक्त 87 इंच बर्फ पडला आणि स्की एरिया चार दिवस चालला. 2004-05 मध्ये 460 इंच पडला आणि 139 दिवस चालला. असा लहरी डोंगर असल्यावर कामावर माणसं ठेवायची कशी? पण फ्लॅगस्टाफच्या कोरड्या मुलखात पाणी आणायचं कुठून? त्यांनी शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं, जवळजवळ 15 मैलांच्या पाइपलाइनने. 2012 च्या डिसेंबरात यंत्रं सुरू झाली. सगळा कृत्रिम बर्फ सांडपाण्यापासून करणारा जगातला हा पहिलाच स्की एरिया. सुरुवातीला बर्फ पिवळट निघाला आणि पाइपातल्या गंजामुळे तसं झालं असा खुलासा आला. हा बर्फ तोंडात घालू नका, अशा पाट्या लावलेल्या आहेत. लहान मूल बर्फात पडल्यावर पहिल्यांदा काय करतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती पाटी पुरेशी वाटणार नाही.

लुट्सनला सुपीरियर सरोवर शेजारी आहे, पाण्याचा प्रश्न तितका बिकट नाही. अरापाहो बेसिनला बीव्हर्समध्ये कृत्रिम बर्फ लागलाच नाही. माझं मत असं की ज्या विस्ताराला नवं पाणी लागत नाही त्याच्याकडे मोकळ्या मनाने पाहावं. ज्याला लागतं त्याने ते कोणत्या महिन्यात, कुठल्या ओढ्यातून आणि किती घेणार हे सांगितल्याशिवाय पाठिंबा देऊ नये.

आधीपासून तिथे कोण आहे

स्नोबोल ज्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर आहे, त्यातला हम्फ्रीज पीक 12,633 फुटांचा, ॲरिझोनातला सर्वांत उंच. नावाहो लोकांच्या चार दिशांच्या पवित्र डोंगरांपैकी पश्चिमेचा डोंगर हाच. त्यांच्या वैद्यांच्या औषधी बटव्यात इथल्याच वस्तू असतात. होपींच्या श्रद्धेप्रमाणे पाऊस आणणाऱ्या कात्सिना, म्हणजे त्यांच्या देवता, इथे राहतात. एकूण 13 आदिवासी समाज या डोंगराला पवित्र मानतात. देवराईत कुऱ्हाड का चालवत नाहीत हे आपल्याकडच्या ज्या घरांत ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सांडपाण्याचा बर्फ अंगावर पडल्यावर हा डोंगर विधीसाठी शुद्ध राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या बाजूचा मुद्दा असा की 777 एकर म्हणजे अख्ख्या पर्वताचा जेमतेम एक टक्का. पण डोंगराला जिवंत देह मानणाऱ्याला एका टक्क्याचं सांगून काय उपयोग? टाचेत विष भिनलं तर बाकीचं शरीर ठीक आहे असं आपण म्हणतो का?

2007 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी आदिवासींच्या बाजूने निकाल दिला. 2008 मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 8 विरुद्ध 3 मतांनी तो फिरवला: कोणावर जबरदस्ती झालेली नाही, डोंगरावर जायला बंदी नाही, मन दुखावलं एवढ्यावरून कायद्याने धर्मस्वातंत्र्यावर गदा आली असं ठरत नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मला तो निकाल पटत नाही. पण तुमच्यासाठी त्यातली कामाची गोष्ट ही, की पवित्र जागेचं रक्षण कोर्ट करील या भरवशावर राहू नका. जे वजन पडायचं ते आधी, फॉरेस्ट सर्व्हिसच्या टेबलावर पडायला हवं.

लुट्सनमध्ये नेमकं तेच झालं. तिथल्या ओजिब्वे आदिवासींकडे सरकारशी झालेला 1854 चा करार आहे. जमीन सरकारला दिली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. मेपलचा रस हा त्या हक्काचा भाग. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, तेव्हा झाडाला छोटं भोक पाडून रस धरतात आणि आटवतात. साधारण 40 गॅलन रसाचा एक गॅलन पाक होतो. पिढ्यान्‌पिढ्या जिथे चुली पेटल्या ते मेपलचं रान तोडून उतार काढायचे होते. ग्रँड पोर्टेज, फॉन ड्यू लॅक आणि बोआ फोर्ट या ओजिब्वेंच्या तिन्ही समाजांचं म्हणणं प्रक्रियेत ठामपणे आलं. अर्ज मागे घेतला गेला हे योग्यच झालं असं मी मानते. लुट्सन ज्यात येतं त्या, पर्यटनावर पोट असलेल्या कुक काउंटीत कामधंदा वाढेल म्हणून वाट पाहणारी माणसंही होती. त्यांची निराशा मला दिसते. तरीही माझं मत तेच आहे.

मंजुरीनंतरचं

कागद चांगला असूनही हातून चुका होतात. कोलोरॅडोतल्या कीस्टोनने बर्गमन बोल या उंचावरच्या भागात लिफ्ट नेण्याची रीतसर मंजुरी घेतली होती. 2022 च्या उन्हाळ्यात परवानगी नसलेल्या ठिकाणी यंत्राने रस्ता खणला गेला आणि नाजूक अल्पाइन टुंड्राचं, म्हणजे झाडं उगवत नाहीत अशा उंचीवरच्या खुरट्या हिरवळीचं, नुकसान झालं. फॉरेस्ट सर्व्हिसने काम थांबवलं, लिफ्ट एक हंगाम लांबली. तेव्हा पाठिंबा देत असलात तरी पत्रात मागा: काम चालू असताना रोज देखरेख कोण करणार, आणि नुकसान भरून काढायचे पैसे आधीच बाजूला ठेवले आहेत का?

दुसरं, गाड्या. अरापाहो बेसिनमध्ये बीव्हर्सची लिफ्ट 2018-19 मध्ये सुरू झाली आणि त्याच हंगामानंतर त्यांनी मोठ्या सीझन पासशी असलेलं नातं तोडलं, कारण गर्दी आणि पार्किंग आवरेना. उतार वाढले तरी दरीतला रस्ता तेवढाच राहतो. हा प्रश्न विचारायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

तुम्ही काय लिहाल

तुमच्याकडचा प्रस्ताव अरापाहो बेसिनच्या जातीचा असेल, म्हणजे उंचावर, नव्या पाण्याशिवाय, कमी तोड करून, तर मी पाठिंबा देईन आणि अटी घालीन. स्नोबोलसारखा, हद्दीच्या आतच पण कोणाच्या देवावर, तर विरोध करीन. लुट्सनसारखा, जुन्या जंगलात नवं पाऊल टाकणारा आणि करारातले हक्क असलेला, तर आधी त्या समाजांनी काय कळवलंय ते वाचीन आणि बहुतेक विरोधच करीन. बरेच प्रस्ताव मिश्र असतात. त्यांत ‘काहीच करू नका’ हा पर्याय तर असतोच, बहुधा मधलाही एखादा असतो. जुन्या लिफ्ट बदलणं, आहे त्या उतारांची डागडुजी करणं, एवढ्यावर थांबा असंही लिहिता येतं, आणि मला तो मार्ग पुष्कळदा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

मोहिमेतून आलेलं तयार पत्र जसंच्या तसं पाठवू नका. हे मतदान नाही, डोकी मोजत नाहीत. अहवालाचं पान, नकाशावरची जागा, तुमचा अनुभव आणि नेमका प्रश्न लिहिलात तर त्याची दखल घ्यावी लागते. पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बीवर असलात, ग्रीन कार्डवर असलात तरी लिहू शकता. पत्र सार्वजनिक नोंदीत जातं हे ध्यानात ठेवून घरचा पत्ता द्यायचा की नाही ते ठरवा. शेवटची तारीख नोटिशीत असते. पाठवल्यावर मिळालेली पोच जपून ठेवा, कारण निर्णयाचा मसुदा निघाल्यावर औपचारिक आक्षेप घेण्याची मुभा आजवरच्या पद्धतीत आधी वेळेत लेखी म्हणणं मांडलेल्यांनाच मिळत आली आहे.