लाडकी बहीणचे पंधराशे सव्वा वर्ष वापरले, शेंगाचटणीच्या धंद्यातला अनुभव

लाडकी बहीण योजनेत सरकारकडनं महिन्याला पंधराशे रुपये येतात, बरेच जण विचारतात की तेवढ्यात असं काय होतंय, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातले. घरात मी, आमचे मालक, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन पोरं. दीड एकर रान आहे ते आत्यांच्या नावावर, पाणी बेताचंच. मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. धंदा म्हणजे शेंगाचटणी आणि कडक भाकरी, आत्या वीस वर्षं करतायत, मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हाताखाली शिकले.

पहिले पैसे २०२४ च्या रक्षाबंधनाच्या तोंडावर आले, जुलै-ऑगस्टचे मिळून ३०००. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या मोबाईलवर मेसेज आले आणि माझ्या खात्यावर काहीच नाही, मी दोन दिवस नुसती चिडचिड केली. मग कळलं की फॉर्मवर कुठलंही खातं लिहा, पैसा आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं तिथंच जातो, आणि माझं आधार कॉलेजात असताना स्कॉलरशिपसाठी काढलेल्या माहेरच्या खात्याला जोडलेलं. वर त्या खात्यात शिल्लक कमी होती म्हणून बँकेनं त्यातले काही कापूनपण घेतले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ज्यांचं अजून राहिलंय त्यांनी पहिलं हे तपासा.

आता धंद्याचं. आमची खरी अडचण विक्रीची कधीच नव्हती, चटणी खपते. अडचण होती शेंगदाण्याची. हातात रोख नसायचे म्हणून दुकानदाराकडनं उधारीवर उचलायचो, पाच किलो, फार तर दहा किलो, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा किलोला १५ रुपये जास्त. वर तो देईल तो माल घ्यायचा, त्यात बारके सुरकुतलेले दाणे, खवट वास, आणि उधारी असली की तोंड उघडता येत नाही. त्या पहिल्या ३००० मध्ये घरातले हजारेक घातले आणि आम्ही ३० किलोचा अख्खा कट्टा रोखीनं घेतला. आत्यांनी दुकानातच पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले, एक दातानं फोडला, मान हलवली आणि म्हणाल्या, 'हा नको, मागचा दाखवा.' इतक्या वर्षांत त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. एका कट्ट्यामागं साडेचारशे वाचतात, महिन्याला दोन कट्टे धरा, म्हणजे नऊशे झाले. पंधराशे येतात ते येतातच, पण त्यांच्यामुळं हे नऊशे वाचतात ते कुणी मोजत नाही.

आणि चांगल्या दाण्याचा फरक उखळात दिसतो. दाणे मंद आचेवर भाजायचे, साल पाखडून काढायची, मग लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून कुटायचं, मिक्सर अजिबात नाही. दाणा भरलेला असला की पाऊण तासात कडेनं तेल सुटायला लागतं आणि चटणी मुठीत दाबली की लाडवासारखी धरते. पहिल्यापेक्षा दाणा चांगला म्हणून सोलापूरचं एक गिऱ्हाईक आता दर पंधरा दिवसांनी चार किलो घेतं. पोचवायला आत्या एसटीनं जातात, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे तेपण धंद्याला लागू पडलं.

आत्यांना मात्र महिन्याला ५०० च. रान त्यांच्या नावावर, त्यामुळं पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि नमो शेतकरीचे ६००० मिळतात, ते धरून उरलेला फरक तेवढा देतात. ते दोन दोन हजार चार महिन्यांनी येतात, त्यात खत-बियाणं निघतं. पण धंद्याला महिन्याचा पैसा जास्त कामाचा, हे मी अनुभवानं सांगते, कारण दाणे दर महिन्याला संपतात.

आता जे आवडलं नाही ते. तारीख. कधी दोन महिन्यांचे एकदम, जसे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आले, आणि मग थेट डिसेंबरच्या शेवटी. २०२५ मध्ये पण फेब्रुवारी-मार्चचे महिला दिनाच्या आसपास. रक्कम कमी असली तरी चालंल, पण अमुक तारखेला येणार म्हणजे येणार असं असतं तर आम्ही दुकानदाराला आधी शब्द देऊन अजून स्वस्त घेतलं असतं. डिसेंबरात परत दहा किलो उधार आणायला लागले, खूप जीवावर आलं. एकवीसशे होणार असं ऐकलं होतं, आम्ही पंधराशेच धरून हिशोब करतो.

दुसरं केवायसी, म्हणजे योजनेसाठी आधारवरनं ओळख पटवायची. सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि ओटीपी मागत होतं. माझं झालं, पण आत्यांचं कसं होणार, मामंजी म्हणजे माझे सासरे जाऊन नऊ वर्षं झाली आणि आत्यांचे वडील तर कधीच गेले. आत्या दोन महिने रोज विचारायच्या, 'माझे बंद होणार का गं?' विधवा बाईला अशी धाकधूक लावायला नको होती, हा विचार पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे होता. नंतर सोय झाली, स्वतःचं केवायसी करून मृत्यू दाखल्याची प्रत अंगणवाडीत द्यायची, तसं आम्ही दिलं.

सगळे पैसे धंद्यातच गेले असंही नाही. जुलैत धाकट्याला टायफॉईड झाला, तेव्हा पंधराशे दवाखान्यात गेले, पण तेव्हा कुणाकडं हात पसरायला लागला नाही. आणि माझ्या नावावर पैसे येतात म्हणून मालकपण आता विचारून खर्च करतात, आधी मला विचारायचा प्रश्नच यायचा नाही.

थंडी सुरू झाली की चटणी जास्त खपते, म्हणून यावेळी दोन कट्टे एकदम आणलेत रोखीनं. एक निम्मा झालाय, दुसरा अजून शिवलेलाच आहे.