उथळ समुद्रतळाचा गाळ: कोअर काढून मोजावा की जागेवरच?

गाळातला ध्वनिवेग आणि क्षीणन, म्हणजे ध्वनी गाळात किती विरतो ते, मोजायचं तर दोन मुख्य वाटा आहेत: कोअर, म्हणजे नळी रोवून वर काढलेला गाळाचा उभा नमुना, प्रयोगशाळेत नेऊन मोजणं किंवा प्रोब, म्हणजे मोजणीची संवेदक सळई, थेट तळात रोवणं. उपकरणांची कोटेशन्स मागवण्याआधी तळ वाळूचा की चिखलाचा, एवढं बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

वाळू असेल तर वेगासाठी कोअरच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. नळी घुसताना आणि वर येताना कणांची मांडणी हलते, पाणी निथळतं, हवा शिरते. शिअर लहरींचा, म्हणजे कणांना आडवं हलवत जाणाऱ्या लहरींचा, वेग तर अशा नमुन्यावर मोजूच नये. चिखल त्या मानाने सोशिक. पण त्यात वायू असेल, तर दाब उतरताच बुडबुडे फुगतात आणि लहर पलीकडे पोचतच नाही.

कोअरची मोजणी नाजूक असते. नळीचा आतला व्यास 10 सेंमी आणि वाळूतला वेग सेकंदाला 1700 मीटर धरला, तर ध्वनी सुमारे 59 मायक्रोसेकंदांत आरपार जातो. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की वेग जवळजवळ 30 मीटरने चुकतो. मऊ चिखलातला वेग पाण्यातल्यापेक्षा जेमतेम एक-दोन टक्के कमी असतो. तो फरक या चुकीतच बुडाला! म्हणून आधी तशीच नळी शुद्ध पाण्याने भरून कॅलिब्रेशन करायचं. शिवाय तापमान अंशभर बदललं की पाण्यातला वेग साधारण 3 मीटरने सरकतो, तेव्हा नुसता वेग न देता त्याच तापमानाच्या समुद्रपाण्याशी गुणोत्तर द्यावं.

वारंवारितेकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. कोअरवर बहुधा शेकडो किलोहर्ट्झला मोजतात, प्रोबवर दहा-वीसपासून शंभर-दोनशेपर्यंत. वाळूत वेग वारंवारितेनुसार बदलतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1999 साली झालेल्या सॅक्स-99 प्रयोगात ते दिसलं. तुमचा सोनार 5 किलोहर्ट्झचा असेल, तर कोअरचा आकडा जसाच्या तसा वापरता येणार नाही.

प्रोबही निर्दोष नाही. तो रोवताना भोवतालचा गाळ दबतो, शिंपल्यांच्या थरात तो अडतो, आणि खोली बहुतेकदा मीटरभरच मिळते.

चर्प प्रोफायलर, म्हणजे वरून ध्वनी सोडून तळाखालचे थर टिपणारं उपकरण, मोठा परिसर झटपट दाखवतो, पण थराची जाडी काढायला वेग आधी गृहीत धरावा लागतो.

प्रोब निवडलात तरी एखादा आखूड कोअर घ्याच; सच्छिद्रता, घनता आणि कणांचा आकार त्यातूनच कळणार. फक्त तो प्रोबच्या भोकातून नको, शेजारच्या न हललेल्या जागेतून घ्या.