पाठटाचणाची दुरुस्ती: तास संपल्यावर की घटक संपल्यावर?

पहिली-दुसरीच्या वाचन-लेखनाचं टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं याची आधी लिहिलेली आखणी, पहिल्या फटक्यात जमत नाहीच. प्रश्न असतो तो दुरुस्ती कधी करायची याचा.

तास संपताच समासात पेन्सिलीने खूण करण्याचा फायदा म्हणजे आठवण ताजी असते. टाचणात ‘घ आणि ध, १० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात अर्धा तास जातो, कारण मुलं ‘घर’ला ‘धर’ वाचत राहतात. कोणतं मूल कुठे अडलं, हे संध्याकाळपर्यंत डोक्यातून निसटतं. पण अशा दुरुस्त्या तुकड्यातुकड्यांच्या होतात. एका वाईट दिवसामुळे चांगली कृती खोडली जाते. (मीही खोडल्यात.)

घटक (एकत्र शिकवायचा काही तासांचा भाग) संपल्यावर सगळी टाचणं समोर पसरून बसलं, तर क्रमातल्या चुका दिसतात. श्रुतलेखनात ‘विमान’ आहे आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या आठवड्यात! ही वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. त्यामुळे मुलं आधी ‘व’ काढून मग वेलांटीला जागा शोधतात. तिला स्वतंत्र सराव हवा, हे एकेका तासाच्या खुणांवरून कळत नाही. तोटा एवढाच, की तोवर ‘हा खेळ का फसला?’ याचं उत्तर विसरलेलं असतं.

वेळ, सूचना, शब्दांची निवड यांची दुरुस्ती मी त्याच दिवशी करते. क्रमाला मात्र घटक संपेपर्यंत हात लावत नाही. एकच जमणार असेल, तर समासातली खूण निवडा. क्रम नंतरही तपासता येतो, पण विसरलेला तास परत आठवत नाही.