डोमेन गेलं, खातं गेलं: मॅस्टोडॉनचा दीर्घ वापरानंतरचा अनुभव

मॅस्टोडॉन काय आहे, इन्स्टन्स म्हणजे सर्व्हर कसा निवडायचा, लोकल आणि फेडरेटेड टाइमलाइनमध्ये फरक काय, यावर भरपूर लिहिलं गेलंय. ते सोडून देते, इतकंच लक्षात ठेवा की हे समाजमाध्यम वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरवर चालतं आणि प्रत्येकाचं खातं त्यातल्या एका सर्व्हरच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या नावावर असतं. हा अनुभव एकाच गोष्टीचा आहे. मी ज्या सर्व्हरवर होते तो हॅक झाला नाही, त्याचे पैसे संपले नाहीत, अ‍ॅडमिन मंडळी कंटाळून निघूनही गेली नाहीत. मशीन चालू होतं, डेटाबेस शाबूत होता, बॅकअप रोज होत होता. फक्त डोमेन गेलं आणि त्याच्याबरोबर आम्हा सगळ्यांची खाती गेली.

झालं असं. ज्यांनी सर्व्हर सुरू केला त्यांनी डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पुढे ते बाजूला झाले, कारभार दुसऱ्या दोघांकडे आला, डोमेन मात्र रजिस्ट्रारकडच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडच्या जुन्याच खात्यात राहिलं. कार्डाची मुदत संपली, ऑटो-रिन्यू फसलं आणि सूचनेचे मेल कोणी उघडत नसलेल्या पत्त्यावर जात राहिले. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत उलटल्यावर ५ दिवसांत पुन्हा एकदा कळवायचं असतं. पण कळवायचं कोणाला, तर नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याला. सर्व्हर खरोखर कोण चालवतंय याच्याशी त्या नियमाला काही देणंघेणं नाही.

मुदत संपली म्हणजे डोमेन लगेच हातचं जात नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनना आधी जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे सोडवून घेण्याचा काळ, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे पुसलं जाण्याची वाट, आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येतं. पण साइट मात्र सुरुवातीच्या टप्प्यातच दिसेनाशी होते, कारण रजिस्ट्रार डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणारी जोडणी तोडतो. म्हणजे डोमेन कागदोपत्री आपलंच असतं, सोडवून घेता येण्याजोगंही असतं, आणि सर्व्हर जगाला दिसत नसतो. त्या काळात नव्या अ‍ॅडमिननी रजिस्ट्रारच्या सपोर्टकडे खेटे घातले. सर्व्हरची बिलं पाठवली, डेटाबेस आमच्याकडे आहे हे दाखवलं. उत्तर प्रत्येक वेळी एकच आलं: नोंदणीदाराशीच बोलू. नोंदणीदार सापडले नाहीत. डोमेन सुटलं आणि भलत्याच कोणीतरी ते उचललं.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. मॅस्टोडॉनमध्ये खातं हलवण्याची सोय आहे, तिचं नाव मूव्ह. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ती फॉलोअरही बरोबर नेते. नव्या खात्यावर जुन्या खात्याचं नाव अलायस, म्हणजे आपलंच दुसरं नाव म्हणून नोंदवायचं, मग जुन्या खात्यात लॉगिन करून मूव्ह करायचं, की जुना सर्व्हर सगळ्या फॉलोअरच्या सर्व्हरना निरोप धाडतो आणि ते आपोआप नव्या खात्याला फॉलो करू लागतात. पोस्ट येत नाहीत, पण माणसं येतात. ही सोय उत्तम आहे, मी ती आधी एकदा वापरलीही होती. पण पुन्हा वाचा: जुन्या खात्यात लॉगिन करून. निरोप जुन्या सर्व्हरवरून, जुन्या खात्याच्या डिजिटल सहीनेच निघावा लागतो. ज्या दिवशी ही सोय सगळ्यात जास्त हवी असते, नेमकी त्याच दिवशी ती नसते. दार बाहेरून बंद आणि किल्ली आत, अशी ही रचना आहे. इतकी वर्षं ती तशीच आहे याचा मला मनापासून राग आहे.

बरं, मशीन चालूच होतं तर अ‍ॅडमिननी त्याच डेटाबेसवर नवीन डोमेन का लावलं नाही? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. लावता येत नाही. मॅस्टोडॉन बसवताना लोकल डोमेन म्हणून जे नाव देता ते नंतर सुरक्षितपणे बदलता येत नाही, अधिकृत माहितीतही हेच बजावलंय. कारण अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या ज्या प्रोटोकॉलवर हे सगळं चालतं त्यात, व्यवहारात प्रत्येक खात्याची ओळख म्हणजे एक वेब पत्ता असतो. प्रत्येक पोस्टची ओळखही तशीच. ज्या डिजिटल किल्लीने सही तपासायची तिचा पत्तासुद्धा त्याच डोमेनखाली. नाव बदललं की बाकीच्या सर्व्हरच्या लेखी तुम्ही अनोळखी. तिकडे जुन्या नावाने केलेले फॉलो तसेच लोंबकळत राहतात. समोरचा सर्व्हर आमच्या बंद पत्त्यावर पोस्ट पाठवत राहतो, सात वेगवेगळ्या दिवशी अपयश आलं की तो पत्ता मेला असं धरून पाठवणं थांबवतो. माझ्या फॉलोअरना काहीही कळलं नाही. त्यांच्या यादीत मी होतेच, फक्त बोलत नव्हते.

हे फक्त आमच्याच नशिबी आलं असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर असाच गेला. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन, तिथल्या तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते निलंबित केलं. त्याच्या अ‍ॅडमिनने डोमेन पुन्हा रिन्यू न करण्याचं आधीच ठरवलं होतं, पण ठरवलेली तारीख यायच्या आत डोमेन काढून घेतलं गेलं. त्याच्या आधी, जुलै २०२३ मध्ये, माली या देशाने आपल्या डॉट एमएल डोमेनचा कारभार फ्रीनॉम या कंपनीकडून परत घेतला. त्या वेळी एफएमएचवाय हा लेमी या चर्चामंचाचा सर्व्हर नाव गमावून बसला आणि त्याला डॉट नेटवर नव्याने उभं राहावं लागलं. दोन अक्षरी डोमेन गोड दिसतात, नावाशी जुळतात, म्हणून लोक घेतात. पण ती देशांची असतात आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे. आयकॅनची जी मुदतीची साखळी वर सांगितली ती तिथे लागू असेलच असं नाही.

एक गोष्ट मला फार खुपते, ती खर्चाची. सर्व्हरच्या खर्चात डोमेन ही सर्वांत किरकोळ बाब असते. मोठा खर्च होतो फोटो-व्हिडिओच्या साठवणीवर आणि मशीनवर. आम्ही सगळे नियमाने वर्गणी देत होतो. डॉट कॉमसारखं डोमेन एका वेळी १० वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं. मॅस्टोडॉनच्या सर्व्हर कराराला मान्यता देणाऱ्या सर्व्हरने रोज बॅकअप घ्यायचा, किमान आणखी एका माणसाकडे आणीबाणीचा प्रवेश ठेवायचा, बंद करायचं असेल तर तीन महिने आधी सांगायचं, हे सगळं मान्य केलेलं असतं. चांगल्या अटी आहेत. पण त्या सर्व्हर बंद करण्यासाठी आहेत. डोमेन तीन महिने आधी सांगून जात नाही. डोमेन कोणाच्या नावावर, रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड किती जणांकडे, संपर्काचा मेल त्याच डोमेनवर तर नाही ना, हे कुठल्याच सर्व्हरच्या माहितीच्या पानावर मला आजवर सापडलेलं नाही.

तर चिडून मी ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर गेले आणि सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येकाला तेच सुचवत होते. कारण तिथे ही गाठ सोडवलेली आहे. ब्लूस्काय ज्यावर चालतं त्या एटी प्रोटोकॉलमध्ये हँडल, म्हणजे खात्याचं दिसणारं नाव, हे डोमेनच असतं, पण हँडल म्हणजे खातं नव्हे. खात्याची खरी ओळख म्हणजे डीआयडी नावाची एक लांबलचक अक्षरमाला, जी कधीच बदलत नाही. डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची नोंद टाकून किंवा वेबसाइटवर एक फाइल ठेवून तुम्ही सांगता की हे डोमेन या डीआयडीचं. मी स्वतःचं डोमेन लावलं आणि मग मुद्दाम तो रेकॉर्ड काढून बघितला. हँडल अवैध असल्याची खूण आली, बस्स. फॉलोअर जागेवर, पोस्ट जागेवर, जुन्या संभाषणातले माझे उल्लेखसुद्धा जागेवर, कारण उल्लेख साठवताना डीआयडी साठवला जातो. रेकॉर्ड परत टाकला, खूण गेली. आमच्या सर्व्हरवर जे घडलं त्यानंतर हे बघताना मला अक्षरशः हायसं वाटलं.

पण मत तिथेच थांबलं नाही. जास्त वापरल्यावर आणि खोलात गेल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली, डीआयडीचे दोन प्रकार आहेत. डीआयडी वेब हा प्रकार पुन्हा डोमेनवरच उभा आहे, डोमेन गेलं की ओळख गेली. बहुतेकांचा प्रकार डीआयडी पीएलसी, आणि त्याची नोंदवही एका ठिकाणी असते, जी ब्लूस्काय कंपनीने चालवलेली आहे. २०२५ मध्ये ती स्वित्झर्लंडमधल्या स्वतंत्र संस्थेकडे देण्याची घोषणा झाली. नोंदवही कोणालाही उतरवून घेता येते आणि नोंदींवर सह्या असतात, त्यामुळे ती गपचूप खोटी करणं अवघड आहे. तरी एक केंद्र ते केंद्रच. दुसरी गोष्ट, ओळख बदलण्याचा अधिकार देणाऱ्या रोटेशन किल्ल्या बहुतेकांच्या बाबतीत सर्व्हरकडेच असतात. स्वतःची किल्ली वरच्या क्रमांकावर नोंदवली तर कोणी केलेला चुकीचा बदल ७२ तासांत उलटवता येतो. ही फार मोलाची सोय आहे आणि ती साध्या सेटिंगमध्ये नाही, तिच्यासाठी तांत्रिक खटाटोप करावा लागतो. मी केला. माझ्या ओळखीतल्या बाकी कोणी केलेला नाही.

नॉस्टर हे आणखी एक नेटवर्क थोडे दिवस वापरलं. तिथे डोमेनचा प्रश्नच उरत नाही. ओळख म्हणजे किल्लीची जोडी, डोमेनवरचं नाव ही नुसती खूण. पण खासगी किल्ली हरवली किंवा कोणाच्या हाती लागली तर पुढे काहीच नाही, कोणाकडे दाद मागायची सोय नाही. मला ते झेपत नाही. या सगळ्यात मला सर्वांत आदर वाटला तो हबझिला या सॉफ्टवेअरचा. फ्रेंडिका हे समाजमाध्यमाचं सॉफ्टवेअर ज्यांनी सुरू केलं त्या माइक मॅकगर्विन यांनीच हबझिला ज्यावर चालतं तो झॉट प्रोटोकॉल आणि त्यातली भटकी ओळख उभी केली. एकाच चॅनेलच्या प्रती दोन-तीन सर्व्हरवर ठेवायच्या, एक नाव गेलं तर दुसरीकडून काम चालू. हे मॅस्टोडॉनच्या पहिल्या आवृत्तीच्याही आधीपासून आहे. तिथे माणसं कमी आहेत म्हणून मी राहिले नाही, पण कल्पना त्यांचीच बरोबर होती.

आता दोन गोष्टी मॅस्टोडॉनच्या बाजूने, कारण रागाच्या भरात त्या सुरुवातीला मला दिसल्या नव्हत्या. माझ्या जुन्या पोस्ट गेल्या असं मी धरलं होतं. त्या गेल्या नव्हत्या. मैत्रिणींच्या सर्व्हरवर त्यांच्या प्रती होत्या, काही फोटोंसकट. फेडरेशनचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असण्याचा हा गुण मी आधी कधी अनुभवला नव्हता. आणि मी कोणाला फॉलो करते त्याची सीएसव्ही फाइल माझ्याकडे होती, ती नव्या सर्व्हरवर चढवली आणि माझी टाइमलाइन लगेच उभी राहिली. मग त्याच माणसांनी माझा नवा पत्ता बूस्ट करकरून फिरवला. अर्ध्याहून अधिक फॉलोअर असे हाताने परत आले. मूव्हने जे करायला हवं होतं ते माणसांनी केलं.

पण या प्रतींमुळेच एक पेच उभा राहिला, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. जुनं डोमेन आता परक्याच्या हाती आहे. सध्या तिथे जाहिरातींचं पान आहे. उद्या त्याने तिथे मॅस्टोडॉन बसवून माझ्याच नावाचं खातं उघडलं तर? सही जुळली नाही की मॅस्टोडॉन त्या पत्त्यावरून किल्ली पुन्हा आणून बघतो, कारण एरवी किल्ली बदलण्याला रास्त कारणं असतात. म्हणजे डोमेनचा नवा मालक माझ्या नावाने बोलू शकतो, आणि ज्यांनी मला जुन्या नावाने फॉलो केलंय त्यांच्यापर्यंत ते पोचू शकतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या अ‍ॅडमिनने ते डोमेन सस्पेंड करणं, म्हणजे त्याच्याशी संबंध पूर्ण तोडणं. पण सस्पेंड केलं की तिथे साठलेल्या आमच्या सगळ्या जुन्या पोस्टही पुसल्या जातात. लिमिट केलं, म्हणजे नुसतं लपवलं, तर पोस्ट राहतात, पण धोका पुरता जात नाही. मी मैत्रिणींच्या अ‍ॅडमिनना सस्पेंड करायलाच सांगितलं. माझ्या नावाने दुसऱ्याने बोलण्यापेक्षा माझं जुनं लिखाण गेलेलं परवडलं. हा निर्णय मला घ्यावा लागला याबद्दलची नाराजी मात्र अजून आहे.

सध्या मी पुन्हा मॅस्टोडॉनवरच आहे, दुसऱ्या सर्व्हरवर. जाण्याआधी अ‍ॅडमिनना तीनच गोष्टी विचारल्या: डोमेन कोणाच्या नावावर, कधीपर्यंत भरलंय, आणि रजिस्ट्रारच्या खात्यात आणखी कोण जाऊ शकतं. ज्यांनी तिन्हींची उत्तरं सरळ दिली त्यांच्याकडे गेले. त्यांचं डोमेन संस्थेच्या नावावर आहे. ब्लूस्कायचं खातं स्वतःच्या डोमेनवर चालू ठेवलंय.

आधी मॅस्टोडॉनला मी पाचपैकी साडेचार तारे दिले होते, ते आता तीन करते. ओळख सर्व्हरच्या पत्त्यापासून सोडवून किल्लीला बांधण्याचा प्रस्ताव फेडिव्हर्समध्ये, म्हणजे अशा जोडलेल्या सर्व्हरच्या जगात आहे, एफईपी-ईएफ६१, म्हणजे पोर्टेबल ऑब्जेक्ट्स. मित्रा या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर कामही झालंय. तेवढं मोठं काम जमत नसेल तर निदान एवढं करा: वापरकर्त्याला आधीच एक पर्यायी खातं सहीनिशी जाहीर करून ठेवू द्या, आणि जुना सर्व्हर ठराविक काळ गप्प राहिला तर बाकीच्या सर्व्हरनी फॉलोअर तिकडे न्यावेत. हे मॅस्टोडॉनमध्ये आलं की एक तारा त्याच दिवशी परत देईन.