अदपाव मोहरी मागता येते असे दुकान

नाशिकच्या रविवार कारंजापासून भद्रकालीकडे निघणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत, भांड्यांच्या दोन दुकानांमध्ये दबून बसलेले सुट्या किराण्याचे एक जुने दुकान आहे. गेले अकरा महिने आम्ही घरचा किराणा तेथून भरतो आहोत, आणि काटकसर करायचे ठरवलेल्या कुटुंबाला अशा दुकानाचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो याचा हिशेब वहीत असल्यामुळे तो मांडावासा वाटला. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्याच्या उणिवाही लिहायच्या आहेत आणि शेठजींसमोर मला दर महिन्याला पिशव्या घेऊन उभे राहायचे आहे.

आम्ही इंदिरानगरला राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि अकरावीतला मुलगा. काटकसरीचा निर्णय कोणत्याही तत्त्वापोटी झालेला नाही. घरकर्जाचा हप्ता आणि मुलाच्या शिकवणीची फी या दोन्ही गोष्टी कमी करता येण्याजोग्या नव्हत्या, म्हणून कात्री किराण्याला लावायची ठरली. तोवर महिन्याचे मोठे सामान मॉलमधून आणि मधले किरकोळ काही दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरून येत असे. खर्च वाढतो तो महागाईने, अशी आमची समजूत होती. मात्र तीन महिन्यांच्या पावत्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो तेव्हा कोथिंबिरीच्या एका जुडीसोबत घरपोच शुल्क वाचवण्यासाठी मागवलेली बिस्किटे, तेवढ्यानेही आकडा भरेना म्हणून घेतलेले चॉकलेट, आणि एकावर एक मोफत मिळालेल्या सॉसच्या चार बाटल्या (त्यांतली दुसरी तेव्हा फ्रिजमध्ये अर्धीच झाली होती) असा सगळा ऐवज बाहेर आला. डाळ-तांदळाने आम्हाला फारसे लुटलेले नव्हतेच.

सासूबाईंनी हे दुकान सुचवले. त्या नव्याने नाशिकला आल्या तेव्हा पंचवटीत राहत आणि तेथूनच सामान नेत. दुकान आजही तसेच आहे, असे त्या पहिल्या दिवशी पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या. समोर काठ दुमडलेल्या पोत्यांची रांग, प्रत्येक पोत्यात खोचलेल्या पत्र्याच्या पाटीवर खडूने लिहिलेला भाव, मागे मसाल्यांचे डबे आणि गल्ल्यावर शेठजी. बदल एवढाच, की तराजूच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे आणि २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून गिऱ्हाइकाने आपापल्या कापडी पिशव्या आणाव्यात असा शेठजींचा आग्रह असतो. नसतील तर वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून मिळतात.

या दुकानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे येथे हवे तेवढेच मागता येते. मेट्रिक मापे येऊन साठ वर्षे उलटली तरी येथे ‘अदपाव मोहरी’ म्हटले की दुकानातला मुलगा न विचारता सव्वाशे ग्रॅम मोहरी काट्यावर ओततो, आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी दहा रुपयांची खसखस मागितली तेव्हा त्याने चिमटीने चार-चार दाणे वाढवत काटा नेमक्या आकड्यावर आणून थांबवला. मॉलमध्ये खसखशीचे सर्वांत लहान पाकीटसुद्धा आमच्या घरी दोन दिवाळ्या पुरते आणि दुसऱ्या दिवाळीपर्यंत खवट होते. काटकसरीच्या गप्पांत ‘घाऊक घ्या, स्वस्त पडेल’ हा सल्ला हमखास दिला जातो. चार माणसांच्या घरात मसाल्यांच्या बाबतीत तो मला सरळ चुकीचा वाटतो.

भावांची तुलना करणे हा वेगळाच उद्योग आहे. २०२१ मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा ठरावीक वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटातच विकण्याचे बंधन निघाले आणि त्याऐवजी पाकिटावर एककाचा भाव छापणे सक्तीचे झाले. हेतू चांगला आहे, परंतु एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर तो भाव ग्रॅममागे असतो आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमागे, त्यामुळे अर्धा किलोचे पाकीट घ्यावे की दोन किलोंचे, हे ठरवताना फडताळासमोर उभे राहून हजाराने गुणावे लागते. पोत्यातल्या पाटीवर मात्र किलोचा एकच आकडा असतो आणि तो सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतो. त्यात १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोंपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या डाळी, धान्य आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, तो समोर मोजून दिलेल्या सुट्या मालावर नाही. तूरडाळीत आम्हाला किलोमागे पंधरा ते वीस रुपयांचा फरक पडतो, तो काही अंशी यामुळे. उरलेला चकचकीत पाकिटाचा आणि जाहिरातीचा असावा.

मालाची प्रत चांगली आहे, पण सरसकट नाही. तूरडाळ लवकर शिजते, हरभराडाळीत खडे नसतात, शेंगदाणे एकसारखे असतात. तांदूळ घोटीकडून येतो. इंद्रायणी हे मूळचे मावळातल्या वडगाव संशोधन केंद्राचे, १९८७ मधले वाण, परंतु इगतपुरी-घोटीच्या पावसात ते आता इतके रुजले आहे की नाशिककर त्याला आपलेच मानतात. या दुकानात इंद्रायणीची कणीही निम्म्याच्या आसपास भावात मिळते. सकाळच्या मऊ भाताला आणि धिरड्यांना आम्ही आता कणीच वापरतो. चिकट तांदळाची कणी असल्यामुळे मऊ भात उलट जास्त चांगला होतो. मसाल्यांपैकी धने आणि जिरे उत्तम. दळलेली हळद व तिखट मात्र घेऊ नये, डबे किती दिवसांचे आहेत ते कळत नाही आणि विचारले तर ‘परवाच भरलेत’ हेच उत्तर बाराही महिने मिळते.

गव्हाची गोष्ट सविस्तर सांगावी लागेल. मे महिन्यात, स्वस्ताईच्या उत्साहात, आम्ही साठ किलो लोकवन घेतला. (सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेल्या ‘लोक-१’ या वाणाचे हे नाव; इंग्रजी ‘वन’ आपल्या तोंडी बसून गहू थेट रानातला वाटू लागला.) दुकानातून तो चाळून, निवडून मिळतो, म्हणून मी पुन्हा ऊन दाखवण्याच्या फंदात पडले नाही. सासूबाई एरंडेल लावू या म्हणत होत्या, तेही ‘आई, पुढच्या रविवारी’ असे म्हणत राहून गेले. पत्र्याची कोठी वरवर पुसली, तळाच्या खोबणीतला गेल्या वर्षीचा भुगा तसाच राहिला. ऑगस्टमध्ये, सलग पावसाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, दळणासाठी झाकण उघडले तर वरचा थर हलत होता.

त्यानंतरचे दोन आठवडे सांगण्यासारखे नाहीत. ऊन मिळेना, म्हणून दिवाणखान्यात पंख्याखाली चादरींवर गहू पसरला. मुलगा उड्या मारत ये-जा करी आणि सासूबाई सूप घेऊन एका कडेने पाखडत बसत. गिरणीवाल्याने एक दळण परत पाठवले. साठातला जवळजवळ वीस किलो गहू शेवटी गोठ्याकडे गेला, आणि वर्षभराचा गहू एकदम घेऊन जे वाचले होते त्याहून जास्त गेले. शेठजींना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ताई, ऊन दाखवलं होतं का?” मी गप्प बसले. तरी एक तक्रार माझी आहेच: शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्या गिऱ्हाइकाला साठ किलो धान्य देताना विकणाऱ्याने दोन वाक्ये जास्त बोलावीत. आता आम्ही पंधरा-पंधरा किलो नेतो. भाव किलोमागे दोन रुपये जास्त पडतो आणि झोप लागते.

दुसरी अडचण दुकानाची नसून दुकानापर्यंतच्या रस्त्याची आहे. रविवार कारंजाला गाडी लावायला जागा मिळणे दुर्मीळ, म्हणून मी महानगरपालिकेच्या सिटीलिंक बसने जाते आणि येताना ओझ्यामुळे रिक्षा करते. रिक्षाचे पैसे बचतीतून वजा करावेत, असे यजमानांचे म्हणणे आहे आणि ते बरोबर आहे. परंतु ते स्वतः बरोबर येतात त्या रविवारी ‘एवढे वाचवले तर मिसळ खाऊ या’ असा प्रस्ताव येतो, तीन थाळ्या आणि वर ताक होते, आणि ती रक्कम कोणत्या खात्यात लिहावी यावर घरात एकमत होत नाही. माझाही पाय घसरलेला आहे. दुकानाच्या दोन्ही बाजूंना पितळेची भांडी लखलखत असतात. मार्च महिन्यात जिरे-धने घ्यायला गेलेली मी कल्हईचे पातेले घेऊन परतले आणि त्या महिन्याची सगळी बचत त्या पातेल्यात बसली. पातेले सुरेख आहे. त्यात अजून एकदाच बासुंदी झाली.

मुलगा मात्र अवघड प्रश्न विचारतो. “आई, शंभर रुपयांसाठी अर्धा दिवस?” याला माझ्याकडे खणखणीत उत्तर नाही. अकरा महिन्यांची वही सांगते की महिन्याला सरासरी अकराशे रुपये कमी खर्च झाले, आणि त्यांतले भावातल्या फरकाचे जेमतेम चारशे आहेत. प्रवास वजा केला तर त्याहून कमी. बाकीचे सातशे न घेतलेल्या वस्तूंचे आहेत. या दुकानात फिरायला जागाच नाही. पायरीवर उभे राहायचे, यादी वाचायची, दुकानातला मुलगा एकेक वस्तू मोजतो, शेठजी कागदावर आकडे मांडतात आणि मागे चार माणसे थांबलेली असतात. अशा वेळी ‘हेही घेऊन पाहू’ हे सुचतच नाही. शिवाय संपलेली वस्तू पुढच्या फेरीपर्यंत मिळणार नाही हे ठाऊक असले की साखर बेताने वापरली जाते. अ‍ॅप फोनमध्ये असेपर्यंत हे साधत नव्हते. ते मी तीनदा काढले आणि दोनदा परत घेतले, एकदा पाहुणे अचानक आले म्हणून आणि एकदा केवळ कंटाळा आला म्हणून.

आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. एकदा पन्नास ग्रॅम लवंग आणि अदपाव मोहरी मागत असताना आमच्याच सोसायटीतल्या एक बाई मागून म्हणाल्या, “अहो, तुम्ही इथून नेता किराणा?” स्वर कौतुकाचा होता की कसला, ते कळले नाही. मी पटकन म्हणाले, “सासूबाईंना इथलेच लागते.” घरी येईपर्यंत ते वाक्य बोचत राहिले. कमी मागण्याची लाज वाटते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. पाकीट उचलताना ती वाटत नाही, कारण तेथे किती हवे ते मोठ्याने सांगावे लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. दुकान दुपारी दोन ते चार बंद असते आणि संध्याकाळी सहानंतर गर्दीमुळे निवडायला वेळ मिळत नाही, म्हणून सकाळी अकराच्या आत जावे. पैसे फोनवरून देता येतात, पण पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितली की कागदाचा चतकोर तुकडा येतो. त्यावरची बेरीज आपण स्वतः करून पाहावी. दोनदा चूक निघाली, एकदा आमच्या बाजूने आणि एकदा त्यांच्या, दोन्ही वेळा शेठजींनी खळखळ न करता दुरुस्त केली. रवा, मैदा आणि बेसन पावसाळ्यात येथून घेऊ नये. जुलैत रव्याला जाळी लागलेली निघाली, तो त्यांनी बदलून दिला, परंतु त्यासाठी पुन्हा फेरी पडली. तेल नेहमी बंद डब्यातलेच घ्यावे. साबण, दंतमंजन वगैरे येथे ठेवतात तरी त्यांत काही फायदा नाही, छापील किंमतच घेतात आणि मॉल त्याहून स्वस्त देतो.

पुढच्या फेरीची यादी कालपासून फ्रिजवर लावली आहे. मी ‘शेंगदाणे २ किलो’ लिहिले होते, उपवासाचे दिवस येत आहेत म्हणून. आज सकाळी पाहिले तर सासूबाईंनी पेन्सिलीने दोनाचा एक केला आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘डब्यात आहेत.’