मंत्रचळावर गोळी की ईआरपी? दोन्ही करून पाहिलेल्याचं मत

ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहणं या आजाराचं, निदान झालं की घरात पहिला प्रश्न हाच निघतो: गोळ्या सुरू करायच्या की भीतीला सामोरं जायला शिकवणारी ईआरपी ही थेरपी? मी आधी एक केलं, मग दुसरं, आणि सध्या दोन्ही थोडं थोडं चालू आहे. कुणी विचारलं की मी "डॉक्टरांना विचारा" म्हणतो आणि मग स्वतःच तासभर बोलत बसतो. ते बोलणं एकदा लिहून टाकावं म्हटलं.

विचार कुठले आणि कृती कुठल्या, हे वाचणाऱ्याला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की बाहेरून हा आजार स्वच्छतेचा दिसला तरी त्याची मुळी संशयात असते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला 'संशयाचं वेड' म्हणायचे. आपला 'मंत्रचळ' शब्दही वाईट नाही, पण तो ऐकला की लोकांना नळाखाली हात धुणारी मावशीच आठवते.

त्या मावशीचंच आधी घेऊ, कारण कुठला उपाय झेपेल हे आपला प्रकार कुठला यावरही ठरतं. धुण्याचा प्रकार आपल्याकडे सोवळ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं खपून जातो. तपासणीचा प्रकार 'जबाबदार मुलगा' म्हणून मिरवतो. सगळं सरळ रेषेत लागणारे 'टापटिपीचे' ठरतात. सगळ्यात कुचंबणा होते ती नुसत्या विचारांवाल्यांची. माझी एक मैत्रीण सारसबागेतल्या गणपतीसमोर हात जोडून उभी राहिली की तिच्या मनात देवाला अर्वाच्य शिव्या यायच्या. मग त्या पुसायला मनातल्या मनात एकवीस वेळा अथर्वशीर्षाची पहिली ओळ. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय भक्ती आहे पोरीची! वस्तू साठवण्याचा त्रास मात्र 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात, वेगळा आजार म्हणून बाजूला काढला गेला, आणि त्यावर खालची दोन्ही हत्यारं तितकीशी चालत नाहीत. तुमच्या घरात तो प्रश्न असेल तर हा लेख फारसा उपयोगी पडणार नाही.

माझा प्रकार तपासणीचा, आणि त्याला दोन फांद्या. एक गॅसच्या रेग्युलेटरची. दुसरी रस्त्याची. मी कर्वेनगरहून हिंजवडीला स्कूटरनं जायचो. चाक खड्ड्यात आपटलं की मनात यायचं, हा खड्डाच होता ना? की कुणाला धडक दिली? वळून बघायचं, तरी खात्री पटायची नाही, मग यू-टर्न मारून त्या जागेवर जाऊन बघायचं. पुण्यात हा प्रकार जडणं म्हणजे काय, हे पावसाळ्यात इथल्या रस्त्यांवरून गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. एकदा चांदणी चौक ओलांडायलाच मला तास लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधायच्या, तो वेगळा कार्यक्रम.

तर गोळ्या. मी तिथूनच सुरुवात केली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या एसएसआरआय गटातली फ्लुओक्सेटिन. नैराश्याला साधारण 20 मिलिग्रॅमनं काम भागतं, ओसीडीला बहुधा जास्त लागते. माझी हळूहळू 60 वर गेली. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण सहाव्या आठवड्यात आपल्याला ते आठवत नाही, आपण 'गोळीचा काही उपयोग नाही' असं म्हणून मोकळे होतो. पहिले पंधरा दिवस मळमळ होती, झोप उडाली होती. लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, तो माझ्यावरही झाला. डॉक्टर घाईत असले की विचारत नाहीत आणि आपण लाजून बोलत नाही, तर बोला.

पण तिसऱ्या महिन्यात फरक पडला. गणेशोत्सवात मंडळाचा स्पीकर खिडकीसमोर असतो, तो दोन गल्ल्या पलीकडे नेला तर कसं वाटेल, तसं. गाणं ऐकू येतंय, पण घरात बोलता येतंय. त्रास किती हे मोजणारी वाय-बॉक्स नावाची 0 ते 40 गुणांची प्रश्नावली असते, त्यात माझे गुण उतरले. मात्र मी स्वतःचं माप यू-टर्नमध्ये घेतो. एका फेरीत सहा-सात असायचे, ते दोन-तीनवर आले. गोळीचे गुण मोजायचे तर भरपूर आहेत. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, खिशाला जड नाही, दिवसातला अर्धा मिनिट मागते आणि तुमच्याकडून धाडस मागत नाही. शेवटचा गुण मोठा आहे. ज्याला अंथरुणातून उठणंच होत नाही, ज्याला सोबत नैराश्यही आहे, त्याला 'भीतीला सामोरा जा' सांगणं हा क्रूरपणा होईल. त्यानं आधी गोळी घ्यावी असं मला तरी वाटतं.

मग माझं बिनसलं कुठे? सांगायला हसू येतं, पण माझा काटा ज्या गोष्टीनं फिरवला ती एवढीशीच आहे.

मी गोळी घेतली का, हेच मला कळेनासं झालं.

सकाळी पाण्याचा घोट घेतला, कॅप्सूल गिळली, ग्लास ठेवला, आणि संशय आला: घेतली ना? की हातातच राहिली? मग जमिनीवर शोध, सिंकमध्ये शोध. मग स्ट्रिपमधल्या रिकाम्या खाचा मोजायच्या. मग तारखेशी ताळा जुळवायचा. तो जुळला तरी 'मोजताना चुकलो असेन' हे होतंच. सात खणांची डबी आणली, तर बुधवारचा खण रिकामा असूनही तो मी मुळात भरला होता का, हा नवा प्रश्न. मोबाइलमध्ये फोटो काढू लागलो: गोळी जिभेवर ठेवल्याचा. आज ते फोटो बघितले की स्वतःची कीव येते, चाळीस-पन्नास जिभा. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हे औषध शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, एखादी चुकली तर काही बिघडत नाही. शंका आली तर दुसरी घेऊ नका, बस." बरोबरच होतं. पण संशयाला माहितीनं पटत असतं तर मला गोळीची गरजच कशाला पडली असती?

म्हणजे आजारानं औषधालाच पोटात घेतलं होतं. स्पीकर दोन गल्ल्या लांब गेला होता खरा, पण त्या गाण्यावर नाचायची माझी सवय होती तशीच होती. यू-टर्न मारायला कारण कमी वेळा मिळत होतं इतकंच, मारायची पद्धत शाबूत.

मधे चार महिने मी साध्या समुपदेशनालाही गेलो, ते दोन ओळीत उरकतो. बाई प्रेमळ होत्या. दर वेळी समजूत घालायच्या, "तुम्ही कुणाला धडक दिली असती तर कळलं असतं ना?" बरं वाटायचं, गुरुवारपर्यंत. मग मी त्यांना फोन करून तेच वाक्य पुन्हा ऐकू लागलो. समजूत हीसुद्धा हात धुण्यासारखीच एक कृती होऊ शकते हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

ते सांगितलं ईआरपी करणाऱ्या मॅडमनी, पहिल्याच भेटीत. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीच्या समोर जाऊन उभं राहायचं आणि मग नेहमीची कृती करायची नाही. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या प्रयोगापासून ही पद्धत चालत आली आहे, म्हणजे काल-परवाची टूम नव्हे. 2005 मध्ये एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी 122 जणांवर गोळी आणि ईआरपी समोरासमोर ठेवून पाहिली. बारा आठवड्यांनी ईआरपीवाल्यांतल्या 62 टक्क्यांना गुण आला, क्लोमिप्रामिनच्या गोळ्या घेणाऱ्यांतल्या 42 टक्क्यांना, दोन्ही घेणाऱ्यांतल्या 70 टक्क्यांना. नुसत्या फसव्या गोळीवर 8. तिथं ईआरपी करणारे हात मुरलेले होते आणि औषध जुन्या पिढीतलं होतं, तेव्हा हे आकडे फार ताणू नयेत. पण कल दिसतो.

माझ्या बाबतीत काय झालं? आधी शिडी केली. कुठल्या गोष्टीची भीती शंभरापैकी किती, असं लिहून काढलं. रेग्युलेटर एकदाच बंद करून, फोटो न काढता, खाली जाऊन दूध आणणं: 40. गावाला जाताना तसंच निघणं: 85. संध्याकाळी कर्वे रस्त्यानं नळ स्टॉपपर्यंत स्कूटर, आरशात इतर लोक बघतात तेवढंच बघायचं, मागे फिरायचं नाही: 70. खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात. पहिल्यांदा दूध घेऊन परत येताना जिन्यात माझे पाय लटपटत होते. घरात स्फोट झाला नव्हता. पण मॅडमचं म्हणणं असं की स्फोट झाला नाही हे बघणं हा धडाच नाही. 'झाला असेल, नसेल, मला ठाऊक नाही' हे मनात घेऊन दूध तापवता आलं, हा धडा. मला हे पटायला महिना गेला.

आणि गोळीचं? त्याचंही त्यांनी एक्स्पोजर केलं. डबी गेली, फोटो पुसले. सकाळी गोळी घ्यायची, आणि शंका आली तर मोठ्यानं म्हणायचं, "घेतली असेल, नसेलही," आणि अंघोळीला जायचं. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला नियमच, फक्त तो या वेळी मला दिलासा म्हणून मिळाला नव्हता, गृहपाठ म्हणून मिळाला होता. तीन आठवड्यांत तो प्रश्न विरला. औषधानं जे निर्माण केलं होतं ते थेरपीनं मिटवलं. माझं पारडं तिथं झुकलं ते झुकलंच.

आता ईआरपीची दुखणी, कारण ती कमी नाहीत. पहिले काही आठवडे त्रास वाढतो, हे गृहीत धरा. साधारण 12 ते 20 सेशन लागतात. माझे एका सेशनला 1500 रुपये जात होते, आणि माझ्या विमा पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसत नव्हता. मानसिक आजाराला विम्याचं संरक्षण द्यावं असं 2017 चा कायदा म्हणतो, पण पॉलिसीचा बारीक टाइप वाचून घ्या. गोळीला गृहपाठ नसतो, इथं रोज असतो, आणि न करता गेलात तर पैसे पाण्यात. शिवाय खरोखर ईआरपी येणारा माणूस शोधणं हीच मोठी कसरत आहे. पाट्यांवर सगळेच 'सीबीटी' (विचार आणि वागणं बदलणारी थेरपी, ईआरपी तिचाच एक प्रकार) लिहितात. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का ते बघा आणि फोनवर एकच प्रश्न विचारा: "सेशनमध्ये प्रत्यक्ष काय करायला लावता?" उत्तरात नुसता दीर्घ श्वास आणि सकारात्मक विचार आले तर नम्रपणे फोन ठेवा. विचारांच्या प्रकारात हे आणखी महत्त्वाचं. त्या मैत्रिणीला पहिल्यांदा भेटलेल्या एका समुपदेशकानं 'मनात देवाबद्दल राग का साठलाय' हे खणायला घेतलं होतं. पुढे तिला योग्य माणूस मिळाला, त्यानं त्या शिव्या तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून रोज ऐकायला लावल्या, अथर्वशीर्ष न म्हणता. ऐकताना अंगावर काटा येतो, पण ती आता सारसबागेत जाते आणि भेळ खाऊन येते. कुणाशीच बोलायची सोय नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

समोरासमोर तुलना मागाल तर मी म्हणेन, त्रास मध्यम असेल, घराबाहेर पडता येत असेल आणि बरा थेरपिस्ट गाठता येत असेल तर ईआरपीपासून सुरू करायला हरकत नसावी. त्रास फार असेल तर गोळी घेऊन स्पीकर जरा लांब न्या आणि मग ईआरपी करा. नुसत्या गोळीवर थांबू नका एवढंच माझं मागणं. आणि गोळी चालू असेल तर हे वाचून ती परस्पर बंद करू नका. माझी 60 वरून 20 झाली ती डॉक्टरांनीच, आठ-नऊ महिन्यांत. थेरपी सुरू आहे म्हणून मी एकदा मनानंच सोडली होती, दीड महिन्यात पुन्हा चांदणी चौकात यू-टर्न मारत होतो.

एक फरक मात्र आधी कुणी सांगत नाही. गोळी तुम्ही एकटे घेता, ईआरपी अख्ख्या घराला करावी लागते. माझी आई दहा वर्षं मला दारातून सांगत आली होती, "बंद आहे रे, मी बघितलाय." मॅडमनी तिलाही बोलावलं आणि उत्तर द्यायचं नाही असं बजावलं. तिला ते पोराशी वैर धरल्यासारखं वाटलं. आठवडाभर ती धुमसत होती. शेवटी तिनं स्वतःचं एक वाक्य बसवलं: "मला नाही माहीत, डबा घेतलास का?" ते वाक्य चालतं, आम्ही ते वर्षभर वापरतोय. तरी परवा मी लिफ्टमध्ये शिरत होतो आणि तिला राहवलं नाही, जिन्यातून हळूच म्हणाली, "बंद आहे हं." असं आयतं उत्तर मिळालं तर ते नासवायचं, हेही शिकवलेलं आहे. लिफ्टचं दार ओढता ओढता मी म्हणालो, "चालूही असेल, आई." वरून तिचा आवाज आला, "मेल्या, आता मला बघायला जावं लागेल."